स्वाती, तुझा रिपोर्ट माझ्याकडे होता

स्वाती, काल तुझ्या तेराव्याला आलेल्या बायकांनी माझं कौतुक केलं. "नणंद असावी तर अशी," तुमच्या सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीसारखं केलंत हो भावजयीचं." दुसरी म्हणाली, हॉस्पिटलात दोन दिवस ताई जागच्या हलल्या नाहीत. मी वाढत होते. मान खाली घालून वाढतच राहिले. त्यांना वाटलं, दुःखामुळे माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीये. तू तिथे असतीस तर पहिल्या पंगतीलाच म्हणाली असतीस, "वन्सं, काय लपवताय?"

'वन्सं'! यवतमाळहून लग्न होऊन आलीस तेव्हा पुण्यात नणंदेला असंच म्हणतात असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरून दिलं होतं. पुण्यातही आता ते कुणी म्हणत नाही, हे कळल्यावर तर तू मुद्दाम म्हणायला लागलीस. चारचौघांत, मोठ्याने. मला राग यायचा, म्हणून आणखी मोठ्याने. आता त्या नावाने मला हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही.

तू वाघोलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलीस तेव्हा माझं तोंड वाकडं झालं होतं. आई-वडील लवकर गेले, मिलिंदला मी वाढवलं, त्यामुळे त्याच्या बायकोने काय करावं हे ठरवायचा हक्क आपोआप माझ्याकडे आला आहे अशी माझी समजूत होती. "परक्या पुरुषांच्या शेजारी दिवसभर बसायचं?" मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "वन्सं, तो पुरुष पहिल्यांदा गाडी चालवत असतो. त्याला स्वतःचा घाम पुसायला फुरसत नसते, तो माझ्याकडे कुठून बघणार?" मिलिंद हसून हसून लोळला. मी नाही हसले. पण त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, गाडी शिकायला मी तुझ्याकडेच आले.

रविवारी सकाळी तू मला मांजरी गावाच्या बाजूला घेऊन जायचीस. दोन्हीकडे ऊस, समोरून एखादा ट्रॅक्टर. मी क्लचवर पाय दाबून धरायचे तो धरायचेच. "सोडा वन्सं, सोडा. आयुष्यात काहीतरी सोडायला शिका," तू ओरडायचीस. मी चिडून गाडी बंद पाडायचे. मग तू पिशवीतून थालीपीठ काढायचीस आणि आपण बांधावर बसून खायचो. माझ्या आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी बाई कुणी आली असेल तर ती तू होतीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझी समजूत अशी की अशा गोष्टी बोलायच्या नसतात. न बोलण्याची मला सवयच आहे, आणि त्या सवयीबद्दलच आज लिहायचं आहे.

रक्त द्यायला तू वर्षातून दोनदा, मी टेक्निशियन आहे त्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत यायचीस. अकरा वर्षं. एकदा तुझ्या वाढदिवसाला, एकदा माझ्या. माझ्या वाढदिवसाला मला साडी नको, केक नको, तुझी एक पिशवी हवी, असा आपला ठराव होता. "नणंद आहे की जळू," असं तू दर वेळी सुई टोचताना म्हणायचीस आणि बाकीचे डोनर दचकून बघायचे. अकरा वर्षांत तुझ्या रक्ताच्या सगळ्या चाचण्या निर्मळ आल्या. त्या मीच लावलेल्या होत्या.

मग वाघोलीत चिकनगुनियाची साथ आली आणि तुमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांसारखं तूही अंथरूण धरलंस. ताप पाच दिवसांत उतरला, पण बोटं सुजली, मनगटं धरली, भाकरी थापता येईना. स्टिअरिंग धरताना तुझे डोळे भरायचे. तरी तू हिशेब ठेवून होतीस, की चिकनगुनियानंतर सहा महिने रक्त देता येत नाही. सातव्या महिन्यात माझा वाढदिवस आला आणि तू हजर. "घ्या, वन्सं. थोडं शिळं झालंय," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी त्या बॅचची व्हीडीआरएल मी लावली. तुला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आता सांगते. गरमी म्हणतात त्या गुप्तरोगासाठी, सिफिलिससाठी, प्रत्येक पिशवीची ही चाचणी करावी लागते. पांढऱ्या कार्डावर गोल असतात, प्रत्येक गोलात एका डोनरच्या रक्तातलं पाणी आणि काळे बारीक कण असलेला द्रव. कार्ड आठ मिनिटं फिरवायचं आणि डोळ्यांनी बघायचं. कण पसरलेले राहिले तर ठीक. एकत्र येऊन गोळा झाले तर पॉझिटिव्ह. एका गोलात कण गोळा झाले होते. नंबर जुळवला, तो तुझा होता. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आता पुढचं ऐक, आणि ऐकताना मधे बोलू नकोस.

ही चाचणी फसवी आहे हे मला माहीत होतं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते: गरोदरपणात खोटी पॉझिटिव्ह येते, मलेरियानंतर येते, चिकनगुनियासारख्या तापानंतर येते, शरीर स्वतःवरच उलटतं अशा काही आजारांत येते. म्हणून एकट्या व्हीडीआरएलवर कुणाला काही म्हणायचं नाही, खात्रीची दुसरी चाचणी करायची आणि डोनरला बोलावून नीट समजावून सांगायचं. दुसऱ्या चाचणीच्या पट्ट्या माझ्या पाठीमागच्या फ्रिजमध्ये होत्या. वीस मिनिटं लागतात. मी उठले नाही. कारण त्या क्षणी मी टेक्निशियन नव्हतेच, मिलिंदची मोठी बहीण होते. आणि मोठ्या बहिणीला तो रिपोर्ट अजिबात खोटा वाटला नाही.

मी तुझ्याविरुद्ध पुरावे गोळा करत बसले. शेजारी बसणारे परके पुरुष. गाडी शिकून झाल्यावर एकाने तुला पेढे आणून दिले होते, ते आठवलं. मिलिंद आठ महिने कंपनीच्या कामासाठी चेन्नईला होता आणि तू इथे एकटी होतीस, तेही आठवलं. स्वाती, आठ महिने परगावी एकटा राहिलेला तो होता. हे मी तुझ्या नावावर मांडलं. त्याच्यावर माझा संशय एकदाही, एका मिनिटापुरताही गेला नाही. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "डोनरला बोलवायला हवं." मी म्हणाले, "माझी भावजयच आहे, मी घरी सांगते." त्यांनी मान डोलावली, माझ्यावर विश्वास न ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. पिशवी नियमाप्रमाणे नष्ट केली. आठवड्याने रजिस्टरमध्ये 'डोनरला कळवले' असं लिहून मी सही केली. सुवाच्य अक्षरात. घराण्याची अब्रू वाचवली, असं मला वाटत होतं. उपकारच केले की मी तुझ्यावर!

त्यानंतर मी तुझ्याकडे आले की चहा नको म्हणायला लागले. पित्त होतं म्हणायचे. रविवारची गाडी बंद केली, गुडघे दुखतात म्हणून. दिवाळीला तू केलेल्या अनारशांचा डबा घरी नेला आणि तसाच कामवालीला देऊन टाकला. तो रोग कपातून, डब्यातून लागत नाही हेही मी मुलांना शिकवते. तू दोन वेळा गप्प राहिलीस. तिसऱ्या वेळी मला दारापर्यंत सोडायला आलीस आणि तुझी यवतमाळची बोली वर आली, जी फक्त दुखावलीस की यायची. "काहून वो वन्सं, माझ्या हातचं गोड नाही लागत का आता?" मी म्हणाले, "वय झालं गं."  मी लिफ्टचं बटण दाबलं.

आणि मग तो दिवस. तू येरवड्याला माझ्या घरी आलीस, जिना चढून, मधे थांबत थांबत. डावी पोटरी दुखतेय म्हणालीस. सलवार वर करून दाखवलीस. सुजलेली होती, उजवीपेक्षा चांगलीच जाड, आणि हाताला गरम लागत होती. दिवसभर गाडीत बसून झालं असेल, की हा अजून चिकनगुनियाच, असं तूच विचारत होतीस. मग म्हणालीस, "वन्सं, एकदा सगळं रक्त तपासून टाकू का? तुमच्याकडेच करून टाका ना."

 रक्त तपासलं, कुठल्याही डॉक्टरने दोन प्रश्न विचारले, की तो रिपोर्ट बाहेर येणार. आणि तीन महिने मला माहीत होतं हेही बाहेर येणार. मी तुझा पाय बघत होते आणि विचार स्वतःचा करत होते. "चिकनगुनियाचं दुखणं वर्षभर राहतं," मी म्हणाले. "उगीच सुया टोचून घेऊ नकोस. तीळतेल कोमट करून चोळ." तू म्हणालीस, "बरं. तुम्ही म्हणता तर तसंच." इतका विश्वास ठेवायचा नसतो गं माणसावर. चार वाक्यं उलट बोलायची सवय असलेली बाई तू, त्या दिवशीच कशी ऐकलीस माझं?

पाचव्या दिवशी नगर रस्त्यावर एका बाईंना गाडी शिकवताना तुला दम लागला. त्या बाई तेराव्याला आल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. त्या घाबरल्या, गाडी भलतीकडे जायला लागली. तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबलास, हात पुढे करून स्टिअरिंग वळवलंस, गाडी कडेला घेतलीस, इंडिकेटर लावायला सांगितलंस, आणि मग म्हणालीस, "मला श्वास घेता येत नाहीये." मिलिंदने तुला माझ्याच हॉस्पिटलात आणलं. वाटेत दोन मोठी हॉस्पिटलं लागतात. तरी पुढे आला. "ताई आहे तिथे," म्हणाला.

तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी वाकले तेव्हा तू तो बाजूला करून विचारलंस, "गाडी लॉक केली का त्यांनी?" मी म्हणाले, "हो." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. त्या वेळी तू शुद्धीत होतीस, मी तुझ्या कानापाशी होते, आणि मी सांगू शकले असते. तासाभराने तुला मशीनवर ठेवलं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

पोटरीतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. मोठे डॉक्टर बाहेर आले आणि मिलिंदला प्रश्न विचारायला लागले. कधी गर्भ पडला होता का? नाही, मिलिंद म्हणाला, एकच मुलगा, ओंकार, बंगळूरला नोकरी करतो, निघालाय. अलीकडे मोठा ताप? चिकनगुनिया, दहा महिन्यांपूर्वी. मग त्यांनी विचारलं, "यांची कधी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली होती का? रक्त देताना वगैरे?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ती तुझ्याकडेच रक्त द्यायची ना?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

तुझा बॅग नंबर मला झोपेतही सांगता आला असता.

मी नंतर एकटी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, रिपोर्टचं आणि तेल चोळायला सांगितल्याचंही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर रेघोट्या मारत समजावलं, नवशिक्याला समजावतात तसं. ताप आला की शरीर विषाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. कधीकधी त्यातली काही आपल्याच रक्तातल्या स्निग्ध घटकांशी आणि त्यांना चिकटलेल्या प्रथिनांशी वैर धरतात. बहुतेकांच्यात ती येतात आणि काही न करता निघून जातात. थोड्या जणांच्यात टिकतात आणि रक्त जिथे गोठायला नको तिथे गोठवतात. आणि व्हीडीआरएलच्या द्रवात तशाच प्रकारचे स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून ही प्रतिपिंडं तिथेही चिकटतात आणि निरोगी बाई पॉझिटिव्ह दिसते. "चिकनगुनियामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले, "पण आधीचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत, तेव्हा शक्यता दिसते." मी विचारलं, मी वेळेवर सांगितलं असतं तर? ते म्हणाले, "त्या एका रिपोर्टवर कुणी औषध सुरू केलं नसतं. पण सुजलेला पाय आणि तो रिपोर्ट घेऊन त्या माझ्यासमोर आल्या असत्या, तर त्याच दिवशी पायाची सोनोग्राफी करून रक्त पातळ करायचं औषध दिलं असतं." मग म्हणाले, "आणि चोळू दिलं नसतं."

त्या काळ्या कणांनी रोग सांगितला नव्हता, स्वाती. मदत मागितली होती, तुझ्या वतीने. आणि ते कार्ड नेमकं माझ्या टेबलावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. ओंकार पोचला होता. इतकं तरी झालं.

इथे थांबले असते तर मी निदान एका चुकीची गुन्हेगार राहिले असते. पण मी पुढे काय केलं ते मिलिंद सोडून कुणालाही माहीत नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी 'एक कागद आणायचाय' म्हणून मी कामावर गेले. रक्त चढवावं लागलं तर म्हणून तू आलीस तेव्हा तुझ्या रक्ताची एक नळी आमच्याकडे आली होती. ती सात दिवस ठेवतात. मी फ्रिजमधून ती काढली, पट्टी काढली आणि जी चाचणी पहिल्या दिवशी करायची होती ती केली. कुणाच्या परवानगीने? कुणाच्याच नाही. डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या लॅबमधून ती प्रतिपिंडं सापडल्याचा रिपोर्ट आला होता, तू स्मशानातून परतही आली नव्हतीस अस्थी होऊन, आणि तरी मला खात्री करून घ्यायची होती.

वीस मिनिटं मी पट्टीकडे बघत बसले. एकच रेघ आली. निगेटिव्ह. आणि मला आनंद झाला. खरंच झाला, छाती हलकी झाली.  तू गेली होतीस, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकत होते.

आज दुपारी मिलिंदला सांगितलं. तुमच्या गॅलरीत बसून, तो तुझ्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर वहीतून उतरवून घेत होता तेव्हा. सगळं सांगितलं, रजिस्टरमधल्या सहीसकट, तीळतेलासकट. आणि शेवटी, जणू काही त्याच्यासाठी प्रसादच आणला होता अशा आवाजात म्हणाले, "पण मी पट्टी लावली मिलिंद. निगेटिव्ह आहे. स्वातीचं काहीच चुकलं नव्हतं."

त्याने वही मिटली. मला वाटलं ओरडेल. माझ्यावर हात उचलला असता तरी मी सोसलं असतं.

"दोन रेघा आल्या असत्या," त्याने विचारलं, "तर सांगितलं असतंस मला?"

 दोन रेघा आल्या असत्या तर काय बदललं असतं? त्या रोगाला पेनिसिलिनची सुई आहे, साधी, जुनी. तो कुणाकडून कुणाला गेला हेही रक्त सांगत नाही. तेव्हाही तू तीच असतीस, बांधावर बसून थालीपीठाचा मोठा तुकडा मला देणारी. तेव्हाही तुझा पाय सुजलाच असता, आणि तेव्हाही तुला सांगायलाच हवं होतं. मी तेरा दिवस रडत होते ते रिपोर्ट खोटा निघाला म्हणून. खरा निघाला असता तर मी माझं गप्प बसणं बरोबरच ठरवलं असतं, आणि तुझ्या तेराव्याला मान वर करून वाढलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "नसतं सांगितलं."

तो उठून आत गेला. संध्याकाळ झाली आहे आणि मी अजून तुझ्या गॅलरीतच बसून हे लिहिते आहे. त्याने मला जा म्हटलेलं नाही. थांब असंही म्हटलेलं नाही.